सोप्यातला झोपाळा आणि दारातल्या चपला

१:१२ मापातल्या, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शाच्या छोट्या प्रतिकृती-वाड्याच्या सोप्यात (ओसरीत) काय काय मांडावं, असं तुम्ही विचारलंय. झोपाळा हवाच! या मापात एक फूट म्हणजे एक इंच, म्हणून चार फुटी झोपाळ्याला चार इंचाची पट्टी. पण जाडीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. खरी फळी इंचभर जाड असेल, तर इथे जेमतेम दोन मिलिमीटर. त्याहून जाड घेतलीत की सगळं खेळण्यासारखं दिसायला लागतं. सागाच्या रेषाही या मापात फार मोठ्या वाटतात, बारीक रेषांचं लाकूड बघा. कड्यांसाठी कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या चांदीच्या पैंजणांची बारीक साखळी घ्या, तिला तोड नाही.

दारात कोल्हापुरी चपला ठेवणार असाल तर एक चप्पल साधारण दोन सेंटीमीटरची. नेहमीचं जाड कातडं तिथे वळतच नाही. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत शेळीच्या कातड्याचे तुकडे मागा, आतल्या बाजूने तासून कागदाइतके पातळ करा आणि मगच पट्टे कापा. वेणी कातड्याची घालत बसू नका, मेण लावलेल्या दोऱ्याची घाला. तळाला दोन थर चिकटवायचे आणि कडा शेवटी घासायच्या.

छपराचं काय ठरवलंय? मंगलोरी कौल या मापात जेमतेम साडेतीन सेंटीमीटर लांब होतं. शाडूच्या साच्यातून काढता येईल.