शांघाय म्हणे मासेमारीचं खेडं होतं!

तळटीप:
'रोखठोक' यांनी काल लिहिलं: "चाळीस वर्षांपूर्वी शांघाय म्हणजे मासेमारीचं खेडं. सरकारने मनावर घेतलं आणि शून्यातून शहर उभं केलं. आपल्याकडे नुसत्या समित्या." खाली वाहवा. तिथे लिहिलं असतं तर प्रतिसाद वाहून गेला असता, म्हणून हा वेगळा धागा.

शांघाय १२९२ साली, युआन काळात, तालुक्याचं ठाणं झालं. १५५३ मध्ये चाच्यांच्या धाडी रोखायला त्याला तटबंदी घातली गेली. कोळीवाड्याला कुणी तट बांधतं का? आसपासचा सोंगजियांग मुलूख मिंग काळापासून कापडाचा. किनाऱ्याकडची जमीन थोडी उंच आणि रेताड, भाताला बेताची पण कापसाला बरी. कांगशी सम्राटाने १६८४ मध्ये समुद्रबंदी (समुद्री व्यापारावरची मनाई) उठवल्यावर काही वर्षांतच जकातीची मोठी कचेरी इथे आली. सपाट तळाची उथळ गलबतं कापड घेऊन उत्तरेला जायची आणि येताना सोयाबीनची पेंड आणायची. ती पेंड पुन्हा त्याच कापसाच्या शेतात खत म्हणून पडायची. १८२६ मध्ये दक्षिणेचं धान्य राजधानीला नेणारा महाकालवा तुंबला तेव्हा राजधानीचा धान्यकरही याच गलबतांनी समुद्रमार्गे पोचवला. १८४३ मध्ये इंग्रजांसाठी बंदर उघडलं तेव्हा तट आणि बाहेरची उपनगरं मिळून वस्ती दोन लाखांच्या घरात होती.

पुढे १८६० मध्ये तायपिंग बंडखोरांनी जवळचं सूचौ शहर घेतलं आणि तिथला पैसेवाला वर्ग पळून शांघायच्या परकीय वसाहतींत आला. १९३० च्या दशकात लोकसंख्या ३० लाखांवर. १९४९ नंतर देशाच्या महसुलाचा साधारण सहावा हिस्सा एकट्या शांघायातून जायचा आणि बीजिंग त्यातला फार थोडा परत द्यायचं. म्हणून गटारं, घरं, रस्ते सगळं कुजलं. १९९० मध्ये नदीपलीकडचं पुडोंग विकासाला खुलं केलं, तेव्हा शून्यातून काही उभं राहिलं नाही, चाळीस वर्षं पिळलेल्या शहराची मान मोकळी केली एवढंच.

रोखठोक:
बरं बाबा, खेडं नाही, तालुक्याचं ठिकाण. झालं समाधान? पण नदीपलीकडचं पुडोंग शेतच होतं ना? फोटो सगळीकडे फिरतात.

तळटीप:
फोटोतला लुजियाझुई, म्हणजे पुडोंगचा नदीकाठ, नीट बघा. धक्के, वखारी, जहाजदुरुस्तीचे कारखाने, कामगारांच्या चाळी. शेतं त्याच्या मागे, छुआनशा तालुक्यात. आणि टॉवर 'मनावर घेऊन' उभे राहत नाहीत, त्याला पैसा लागतो. शहरातली जमीन सरकारी. १९८८ मध्ये घटना दुरुस्त करून वापरहक्क विकायला परवानगी दिली; मुदती १९९० च्या नियमांत ठरल्या: निवासी ७० वर्षं, औद्योगिक ५०, व्यापारी ४०. १९८८ मध्येच शांघायच्या पश्चिमेकडच्या होंगछियाओचा एक भूखंड परकीय कंपनीने डॉलर मोजून घेतला. १९९४ च्या करसुधारणेत मूल्यवर्धित कराचे ७५ टक्के केंद्राकडे गेले, तशी स्थानिक सरकारं जमीन विकूनच जगायला लागली. चीनमधल्या घरांच्या आजच्या रडगाण्याचं मूळ तिथे आहे. हे 'आपल्याकडे' आणायचं असेल तर आधी सगळी जमीन सरकारजमा करा, मग बोलू.

बंदरकर:
सगळं शांघाय-शांघाय. शांघायच्या दक्षिणेचं बंदर निंगबो, त्याचं नाव कुणी घेईल का? जगात टनांच्या हिशेबात पहिला नंबर निंगबो-झौशानचा, २०१७ पासून दरवर्षी १०० कोटी टनांच्या वर. शांघाय पहिलं आहे ते फक्त कंटेनरमध्ये, आणि तेही भूगोलाशी मारामारी करून.

यांगत्सेच्या मुखाशी गाळाचा दांडा आहे. नैसर्गिक खोली सातेक मीटर. १९९८ ते २०१० बांध घालून आणि गाळ उपसून ती १२.५ मीटरवर आणली. उपसा अजून चालूच आहे, थांबवला की गाळ परत भरतो. भरलेल्या मोठ्या कंटेनर जहाजाला १५-१६ मीटर लागतात. मग काय केलं? समुद्रात ३२.५ किलोमीटरचा पूल टाकला आणि यांगशान बेटांवर बंदर बांधलं, २००५ मध्ये. ती बेटं कुणाची? झेजियांग प्रांताची, झौशानच्या हद्दीतली! शांघायचं मिरवायचं बंदर शांघायच्या जमिनीवर नाही.

त्याच्याही आधीची गोष्ट. १९७८ मध्ये बाओशानला पोलाद कारखाना काढला. लोहखनिजाची मोठी जहाजं नदीत शिरेनात, म्हणून निंगबोच्या बेइलुनला खास धक्का बांधला. मोठं जहाज तिथे रिकामं करायचं, खनिज छोट्या जहाजांत भरायचं आणि मग बाओशानला न्यायचं. बेइलुनला पुढे झौशानच्या बेटांचा आडोसा आहे आणि पाणी मुळातच खोल. शहाण्या माणसाने बंदर कुठे काढलं असतं?

घाऊकवाला:
बंदरकर, खोलीवर बंदर चालत नाही, मागे मुलूख लागतो. यांगत्सेतून वुहान, छोंगछिंगपर्यंतचा माल बार्जने (नदीतल्या सपाट मालबोटीने) स्वस्तात खाली येतो. निंगबोला अशी नदी आहे? ट्रक आणि रेल्वे. म्हणूनच १८४४ च्या जानेवारीत बंदर उघडूनही निंगबो मागे पडलं आणि तिथले सावकार शांघायला जाऊन पेढ्या घालून बसले. निंगबोच्याच लोकांनी निंगबोवर पैसे लावले नाहीत, तुम्ही कशाला वकिली करता?

बंदरकर:
वकिली नाही, हिशेब. नदीतली साधी बार्ज हांगचौच्या उपसागरात जाऊ शकत नाही, बुडेल. म्हणून तुमचा छोंगछिंगचा कंटेनर आधी शांघायच्या नदीकाठच्या वायगाओछियाओ बंदराला उतरतो आणि मग ट्रकने पुलावरून किंवा समुद्रजोगत्या बोटीने यांगशानला जातो. म्हणजे दोनदा उचल. बेटावर रेल्वे नाही. जोराचं वारं किंवा धुकं असलं की पूल बंद, आणि कटऑफ (कंटेनर पोचवायची शेवटची वेळ) चुकला की कंटेनर पुढच्या जहाजावर. हे तुमच्या 'स्वस्तात' बसतं का?

घाऊकवाला:
एवढा तोटा आहे म्हणता, तरी २०२४ मध्ये शांघायने ५ कोटींवर वीसफुटी कंटेनर हाताळले! निंगबो चार कोटींच्या आत. सगळे वेडे आणि तुम्ही एकटे शहाणे.

हां, यीवूचा माल असेल तर निंगबो, हे मान्य. तिथे ७५ हजार गाळ्यांचा बाजार आहे, समुद्र मात्र नाही. माल ट्रकने बेइलुनला. शांघायला न्यायचा तर हांगचौवरून लांबचा फेरा. यीवूसाठी १०३९ ही वेगळी कस्टम्स पद्धत आहे. एका घोषणापत्रावर दीड लाख डॉलरपर्यंतचा मिश्र माल जातो, प्रत्येक गाळेवाल्याचं कराचं बिल लागत नाही. फक्त त्याने भारतातली बाजू सुटत नाही. २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मिश्र कंटेनरमध्ये खेळण्यांचे चार खोके मार्कशिवाय सापडले की अख्खा कंटेनर न्हावाशेवाला अडकतो आणि रोजचं भाडं चढत जातं.

तळटीप:
अहो, धागा शांघायच्या इतिहासाचा आहे. खोके कुठून आले?

गिरणगावकर:
इतिहासच हवा तर मुंबईवाल्यांनी आधी आरशात बघावं. शांघायच्या वैभवात माळव्याची अफू आहे, ती मुंबईच्या धक्क्यावरून गेली. ससून घराणं दोन्हीकडे. आपल्याकडे कुलाब्याला ससून डॉक, तिकडे व्हिक्टर ससूनने १९२९ मध्ये उभं केलेलं कॅथे हॉटेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या गिरण्यांचं १० ते २० नंबरचं जाडं सूत मुख्यतः चीनला जायचं. १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने परकीयांना तिथेच कारखाने काढायची मुभा मिळाली, शांघायात गिरण्या निघाल्या, शिवाय जपानी सूत आलं आणि आपलं गिऱ्हाईक गेलं. 'मुंबईचं शांघाय करू' म्हणणाऱ्या एकाही पुढाऱ्याला हे ठाऊक नसावं.

रोखठोक:
म्हणजे शेवटी दोष मुंबईचाच. वा! मी दोन ओळी लिहिल्या आणि चार प्राध्यापक अंगावर आले. शांघाय प्राचीन, निंगबो महान, मी अडाणी. मेट्रो मात्र त्यांचीच मोठी, ते कुणी खोडलेलं नाही.

तळटीप:
कुणी खोडणारही नाही. खोडलंय ते 'शून्यातून'.

बंदरकर:
घाऊकवाला, २०२२ च्या एप्रिलमध्ये शांघाय बंद पडलं तेव्हा बंदर कागदावर चालू होतं, पण ट्रकवाले चाचण्या आणि परवान्यांत अडकले. माल कुठे वळवला सगळ्यांनी? निंगबोला.

घाऊकवाला:
आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका कामगाराला कोविड निघाला म्हणून तुमच्या निंगबोचं मेइशान टर्मिनल दोन आठवडे बंद होतं, तेव्हा? त्यामुळे वाचणाऱ्यांपैकी कुणी आयात करत असेल तर बंदरांची भक्ती सोडा आणि एलसीत (बँकेच्या पतपत्रात) माल चढवायचं ठिकाण 'चीनमधलं कोणतंही बंदर' असं लिहून घ्या. 'शांघाय' लिहिलं आणि बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) निंगबो आलं की बँक कागद अडवते. मग दुरुस्तीचा खर्च, विक्रेत्याशी भांडण, आणि तोवर जहाज न्हावाशेवाला लागलेलं असतं.