अलिबागच्या जुन्या आळ्या: आधी माणसं बोलती करावीत की कागद सांभाळावेत?

श्रीबागवाली

नमस्कार. मी अलिबागची, श्रीबागेत राहते. घरामागे नारळी-पोफळीची लहानशी वाडी आहे आणि तिच्या कडेला पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. शनिवारी मांडव्याच्या बोटीने माणसं येतात, ओहोटी किती वाजता ते विचारतात, कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन येतात, जेवतात आणि रविवारी संध्याकाळी परत. गावात आणखी काय आहे असं कोणी विचारलं की मी भरभरून सांगते, पण दाखवायला हातात काही नसतं.

किल्ल्याची मला तेवढी काळजी वाटत नाही. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम काढलं, संभाजीराजांनी पुरं केलं, १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी आत सिद्धिविनायकाचं देऊळ बांधलं, हे सगळं छापून आलेलं आहे. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे. कान्होजींची समाधी कुठे ते कोणीही दाखवेल. जीव तुटतो तो आळ्यांसाठी. कौलारू घरं भराभर पडताहेत, वाड्यांचे प्लॉट होताहेत. घर उतरवायला घेतलं की माळा रिकामा करतात आणि त्यातलं सगळं रद्दीच्या टेम्पोत जातं. फोटो, पत्रिका, पावत्या, दुकानांच्या वह्या, काही बघत नाहीत.

अशाच एका घरातून मालकांना विचारून मी एक वही आणली. लांबोडकी, लाल खारव्याच्या कापडात शिवलेली, दोरीने बांधलेली. पहिल्या पानावर लक्ष्मीपूजनाचं कुंकू अजून दिसतं. अक्षर मोडी. मला फक्त आकडे थोडेफार लागतात. कडेने कसर लागली आहे आणि मधली पानं दमट हवेने एकमेकांना चिकटली आहेत. एका पानाचा फोटो सोबत टाकते.

दुसरीकडे माझ्या सासूबाई. वय पंच्याऐंशीच्या पुढे, माहेर रेवसचं. रहाटाला जुंपलेला रेडा, गाडग्यांतून पन्हळात पडणारं पाणी, कुठल्या झाडाला कुठल्या दिवशी शिंपण, हे त्या असं सांगतात की पंप येण्याआधीची अख्खी वाडी उभी राहते. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला येणारी ‘रामदास’ बोट बुडाली तेव्हा त्या लहान होत्या. गटारी अमावस्या होती, मुंबईची माणसं सणाला घरी यायला निघाली होती. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतली मासळी पाण्यात टाकून माणसं वर घेतली, हे आता पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. पण त्यानंतर त्यांच्या घरात बरेच दिवस मासे शिजले नाहीत, आणि धक्क्यावरून आलेली वडीलमंडळी पोरांना काही न सांगता पडवीत बसून राहायची, हे मी फक्त त्यांच्याकडून ऐकलं आहे.

मला एकटीला दोन्ही एकदम जमणार नाही. आधी काय करू? वही या खाऱ्या हवेत कशी टिकवू? आणि जे जमेल ते ठेवू कुठे, म्हणजे माझ्यामागे तेही टेम्पोत जाणार नाही?

खारेपाटचा

ताई, आधी सासूबाई. वही आणखी सहा महिने थांबेल.

एक अनुभवाचं सांगतो. म्हाताऱ्या माणसांना ‘कुठल्या साली’ असं विचारू नका, ती गप्प होतात. ‘कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधी की नंतर’, ‘कुलाब्याचं रायगड झालं तेव्हा पंप होता का’, असं विचारा. भूकंप डिसेंबर १९६७ चा, जिल्ह्याचं नाव बदललं १ जानेवारी १९८१ ला. या खुणांना धरून बाकीचं आपोआप जागेवर बसतं. आणि मोठे प्रश्न नकोत. ‘तुमच्या लहानपणचं अलिबाग कसं होतं?’ याला उत्तर येतं ‘छान होतं’. त्यापेक्षा ‘विहिरीवरून घरात पाणी कोण आणायचं?’ एवढंच विचारा आणि मग आपण गप्प बसा.

दुसरं, आळ्यांपाशीच थांबू नका. अलिबागचा बाजार आमच्या खारेपाटावर, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या शेतजमिनीच्या पट्ट्यावर चालला. समुद्राचं पाणी अडवणारे बांध, त्यांच्या उघाड्या (पाणी सोडायची दारं), भरतीला बांध फुटला की अख्खा गाव चिखलात उतरायचा, हे लिहिणारं कोणी नव्हतं. अलिबागजवळच्या चरी गावातला शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला. खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं कुळांनी ठरवलं आणि सहा वर्षं पाळलं. संपाचे पुढारी नारायण नागू पाटलांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे आले तेही माहीत आहे. पण त्या सहा वर्षांत घरं कशावर चालली? माझी आजी सांगायची, बायका डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून अलिबागच्या बाजारात विकायच्या आणि मोळी विकली तरच संध्याकाळी चूल पेटायची. ती मोळी कुठल्या चौकात उतरायची, भाव कोण ठरवायचं, हे मी तिला विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. तुमच्या सासूबाईंना बाजारातल्या मोळीवाल्या आठवत असतील तर माझ्यासाठी एवढं नक्की विचारा.

मोडीवाचक, पुणे

वहीबद्दल. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात वाळवू नका, झेरॉक्सच्या काचेवर उलटी दाबू नका. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. दार-खिडकीच्या सावलीतल्या उजेडात वही टेबलावर ठेवून मोबाइलने बरोबर वरून फोटो घ्या. पुठ्ठा, कोरी पानं, कुंकवाचं पान, सगळं क्रमाने. पानांना क्रमांक द्यायचे तर कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने, शाईने नाही. कसर मारायची असेल तर वही कोरड्या सुती कापडात गुंडाळून, हवा काढून, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. ती खोलीइतकी कोमट होऊ द्या, नाहीतर पाणी सुटेल. पावसाळ्यात लोखंडी कपाटात भिंतीला लावून ठेवू नका.

तुम्ही टाकलेलं पान वाचलं. शके १८२९ आहे, म्हणजे १९०७-०८. ही वाडीची जमाखर्चाची वही आहे. वरच्या भागात नारळ आणि सुपारी, खाली मजुरी. पाडेल्याची, म्हणजे झाडावर चढून नारळ पाडणाऱ्याची, मजुरी पैशांत नसून नारळांत दिली आहे. तळाशी तिसऱ्या ओळीत स्पष्ट आहे: ‘शनवार तेली, खोबरे अडीच मण’, पुढे रुपये-आणे, आणि ‘बाकी येणे’.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात कुलाब्याचे कागद आहेत. आंग्र्यांचं संस्थान १८४० मध्ये खालसा झालं, त्यानंतरचं इंग्रजी दफ्तरही आहे. १८८३ चं कुलाबा गॅझेटिअर तर घरबसल्या वाचता येतं. पण त्या सगळ्यात गाव दिसतं ते शेतसाऱ्याच्या हिशेबाने. पाडेली, तेली, शिंपणारा गडी हे नावानिशी अशा घरगुती वहीतच सापडतात. म्हणून ही वही मला फार मोलाची वाटते. उरलेल्या पानांचे फोटो पाठवा, मी वाचून देईन.

अश्दोदहून

मी हा धागा नुसता वाचणार होतो, पण ‘शनवार तेली’ वाचून राहवलं नाही.

माझे आजोबा अलिबागच्या इस्रायल आळीतले. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं अशी आमची परंपरा आहे आणि तिथे आमची जुनी दफनभूमी आहे. शनिवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आडनावंही गावांचीच: किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर. अलिबागचं मागेन अबोथ सिनेगॉग अजून उभं आहे. पण १९४८ नंतर एकेक घर इकडे इस्रायलला आलं आणि आळीत आमची मोजकी घरं उरली.

आमच्याकडे अल्बम आहेत. लग्नाचे, शाळेचे, घराच्या ओट्यावर बसलेल्या माणसांचे. मागे एकही नाव नाही. माझी मामी ऐंशीच्या पुढची आहे, ती बघून सांगते: ही अमकीची सून, ही शेजारची ब्राह्मणाची मुलगी, हा आमचा गडी. शेजाऱ्यांची निम्मी नावं तिला येत नाहीत. ती तुमच्या सासूबाईंना येतील! आमची मामी हिब्रू बोलते, पण हिशेब आणि भांडण अजून मराठीतच करते. दोघींना व्हिडिओ कॉलवर बसवू या का? मी एकेक फोटो दाखवत जाईन.

आणि वहीत मलिद्याचं काही आलं तर कळवा. मलिदा म्हणजे आमचा नैवेद्य. त्याला भिजवलेले पोहे, गूळ आणि ओलं खोबरं लागतं, एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने करतात. तो नारळ कोणाच्या वाडीतून यायचा हे मला नेहमी जाणून घ्यायचं होतं.

वेधशाळेतून निवृत्त

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत माझी नोकरी झाली. गावातल्या पुष्कळ लोकांना ती भिंतीबाहेरूनच माहीत आहे, म्हणून दोन ओळी लिहितो. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी व्हायच्या. विजेच्या ट्राम येणार, त्याने नोंदी बिघडणार, म्हणून तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात १९०४ मध्ये वेधशाळा इथे आणली. इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. महत्त्वाचं असं की १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी आणि नवी मालिका जोडता आली आणि जगात इतक्या लांब पल्ल्याच्या नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत.

तुम्हाला उपयोगाचं ते हे. नोंद कोणी घेतली, कुठे, कधी, कशाने, हे नोंदीबरोबरच लिहिलेलं नसेल तर पन्नास वर्षांनी ती नोंद नुसती रेघ असते. प्रत्येक ध्वनिमुद्रण सुरू करताना स्वतःच्या तोंडाने तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि तुमचं नाव बोला. मूळ फाइल कापू नका, आवाज ‘साफ’ करू नका. मागे कोंबडा आरवला तर आरवू द्या. फाइलच्या नावात तारीख आधी घाला.

वाचनालयातली

मी याच जिल्ह्यात ग्रंथपाल आहे. ठेवायचं कुठे, त्याबद्दल.

एकच जागा कधीही नको. एक प्रत तुमच्याकडे, एक गावच्या सार्वजनिक वाचनालयात लेखी पोच घेऊन, एक गावाबाहेर. निसर्ग वादळ आठवा. ३ जून २०२० ला दुपारपर्यंत किती घरांची कौलं उडाली आणि माळ्यावरचं काय काय भिजलं! मोबाइलमधली प्रत ही प्रत धरू नका.

दगड तरी टिकेल असंही समजू नका. तुमच्या शेजारी आक्षीला शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी. कोकणचा राजा केसिदेवराय याचं नाव त्यावर आहे. तो कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात उभा होता आणि लोक त्याच्यावरून नजर न टाकता रेवदंड्याला जात होते.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगते. वहीत ‘बाकी येणे’ लिहिलेल्या माणसांची नातवंडं आज तुमच्या गावात राहतात. पानं सरसकट इंटरनेटवर टाकू नका. आधी ज्यांच्या घरातून वही आली त्यांची लेखी परवानगी घ्या, मग वाचन पूर्ण होऊ द्या, मग काय उघडं करायचं ते ठरवा. सासूबाईंचंही तसंच. एखादी गोष्ट त्यांनी सांगितली आणि दुसऱ्या दिवशी ‘ते नको’ म्हणाल्या, तर ते त्यांचं आहे.

श्रीबागवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. वही काल फ्रीजरमध्ये गेली. मासे खालच्या कप्प्यात हलवले.

खारेपाटचे दादा, सासूबाईंना मोळीवाल्यांचं विचारलं. त्यांनी त्या बायकांना स्वतः पाहिलं नव्हतं, तो काळ त्यांच्या आधीचा. पण त्यांच्या सासूबाई, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, एका चरीच्या बाईकडूनच लाकडं घ्यायच्या आणि संप मिटल्यावरही ती बाई दरवर्षी नव्या भाताची ओंजळ घेऊन यायची, एवढं त्यांनी सांगितलं. बाईचं नाव आठवत नाही, कपाळावर मोठं गोंदण होतं. सगळं मोबाइलमध्ये घेतलं आहे, सुरुवातीला तारीख आणि नावं बोलून. तुमच्या आजीशी काही जुळतंय का ते सांगा.

वही ज्यांची, त्या घरच्या मंडळींनी परवानगी दिली आहे, पण उधारीची पानं बंद ठेवायची या अटीवर. मला ते योग्य वाटतं.

अश्दोदचे दादा, व्हिडिओ कॉलला सासूबाई तयार आहेत. त्यांनी लगेच विचारलं, तेल्यांच्या घरामागची विहीर ज्यांची, ती ही मंडळी का? तिथल्या मुलीबरोबर त्या सागरगोटे खेळायच्या म्हणे. शनिवार नको हे त्यांनीच मला सांगितलं. रविवारी दुपारी चार वाजता इथून लावते. ओट्यावरचा फोटो सगळ्यात आधी दाखवा, आणि मामींना विहिरीचं मी सांगायच्या आधी सांगू नका. दोघींना आपापलं आठवू दे, म्हणजे मग दोन्ही ताडून बघता येईल.