वानसेच्या बंगल्यात स्मारक व्हायला ५० वर्षं का लागली?

रानजाई: शाळेत इतिहास शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत बर्लिनला भावाकडे चालले आहे. वानसे तळ्याकाठचा तो बंगला बघायचाय, जिथे २० जानेवारी १९४२ ला १५ बडे नाझी अधिकारी ज्यूंच्या संहाराची आखणी करायला बसले होते. पण स्मारक उघडलं १९९२ मध्ये! त्याआधी कुणालाच सुचलं नाही का?

उंबरठा: सुचलं होतं. योझेफ वुल्फ यांना. मी बर्लिनमध्येच राहते, दोनदा गेलेय तिथे, आणि दोन्ही वेळा याच माणसापाशी अडकले.

पोलंडमधल्या क्राकोत वाढलेले ज्यू. आउशवित्झच्या नाझी छळछावणीत होते, जानेवारी १९४५ मध्ये कैद्यांना पायी हाकत नेत असताना निसटले. पुढे बर्लिनमध्ये इतिहासकार म्हणून त्यांनी एकच ध्यास घेतला: नाझींची कागदपत्रं त्यांच्याच शब्दांत लोकांपुढे ठेवायची. विद्यापीठाचा आधार नव्हता. १९६६ ला त्यांनी संस्था काढली आणि हा बंगला कागदपत्रांच्या केंद्रासाठी मागितला. तिथे तेव्हा शाळकरी मुलांचं सहलीचं वसतिगृह होतं. मुलांची जागा कशी काढून घ्यायची, असं म्हणत शहराच्या सरकारनं ते होऊ दिलं नाही.

१९७४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मुलाला पत्र लिहिलं: १८ पुस्तकं काढली, कशाचाच परिणाम झाला नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. हे लिहितानाही हात थांबतो.

रानजाई: खरं सांगू? वसतिगृहाचं कारण वाचून पहिल्यांदा मला ते पटलंच. मुलं आहेत तिथे, राहू देत, असंच मीही म्हटलं असतं. याचाच आता त्रास होतोय.

जुनंदप्तर: वुल्फ कागदांवर एवढा भर का देत होते, ते तिथल्याच कागदावरून कळतं. बैठकीच्या इतिवृत्ताच्या ३० प्रती निघाल्या होत्या. हाती लागली फक्त १६ वी, १९४७ मध्ये, परराष्ट्र खात्याच्या फायलींत. त्यात ज्यूंचे देशवार आकडे आहेत, एकूण १ कोटी १० लाखांहून जास्त. अल्बानियापुढे २००. तेवढे २०० सुद्धा कुणीतरी मोजून लिहिले होते! वर्गात दुसरं काही नाही दाखवलंत तरी हे पान दाखवा.

उंबरठा: वानसे स्टेशनवरून ११४ नंबरची बस थेट दारात जाते. तिकीट नाही. प्रदर्शन बघून लगेच निघू नका, ग्रंथालयात बसा थोडं. त्याला आता वुल्फ यांचं नाव आहे.