किडनीच्या डॉक्टरनं संशोधनात आयुष्य घालवावं का?

दादरचा मामा

माझा भाचा. एमबीबीएस, एमडी, मग नेफ्रॉलॉजीत, म्हणजे किडनीच्या आजारांत, डीएम. शिकता शिकता पस्तिशी आली. सगळं शिक्षण सरकारी कॉलेजात, म्हणजे तुमच्याआमच्या करातून. ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलातून बोलावणं आलं, तर साहेब म्हणाले, मला संशोधनच करायचंय. आठवड्यातून एक दिवस ओपीडी, बाकी दिवस नमुने आणि आकडेमोड. पगार तिकडच्या एक तृतीयांश. ताई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पगाराचं त्याचं तो बघेल. माझा आक्षेप वेगळाच आहे. परळला जाऊन बघा, कोकणातून, खानदेशातून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं फूटपाथवर चटया टाकून राहतात. डायलिसिसला (मशीननं रक्त गाळून घ्यायला) नंबर लागत नाही म्हणून वणवण करतात. विहिरीत माणूस बुडतोय आणि ज्याला पोहता येतं तो काठावर बसून पाण्याची खोली मोजतोय, असलं हे झालं. डायलिसिसचं मशीन हॉलंडमध्ये निघालं, प्रत्यारोपण बोस्टनला झालं (१९५४, जुळ्या भावांमध्ये). त्यांनी शोधावं, आपण वापरावं. यात कमीपणा कसला?

खिडकीची जागा

रुमाल टाकून ठेवतो. सवडीनं लिहीन.

ओपीडी क्रमांक नऊ

मामा, असहमत. मी स्वतः डॉक्टर आहे, नेफ्रॉलॉजिस्ट नाही.

हॉलंडचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. विलेम कोल्फ हा कांपेन नावाच्या लहान गावातल्या हॉस्पिटलात पेशंट बघणारा डॉक्टर. १९४३, देश जर्मनांच्या ताब्यात, कशाचीच उपलब्धता नाही. सॉसेज भरायला सेलोफेनचं आवरण वापरत, त्याची नळी त्यानं एका पिंपाला गुंडाळली, नळीतून पेशंटचं रक्त सोडलं आणि पिंप मिठाच्या पाण्यात फिरवलं. पहिले पंधराएक पेशंट गेले. पंधरा! तेव्हा एखादा दादरचा मामा तिथं असता तर म्हणाला असता, अरे बाबा, माणसं मरताहेत, पिंपं कसली फिरवतोस? १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून उठली आणि पुढं काही वर्षं जगली.

तरीही कायमची किडनी गेलेल्याला याचा उपयोग नव्हता, कारण दर वेळी नवी रोहिणी, नवी नीला उघडायला लागायची. शरीरात पुरतील अशा त्या किती? १९६० साली सिएटलच्या स्क्रिबनरनं टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवून ठेवली. तेव्हा कुठं माणूस वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगू लागला. आणि लगेच मशीनं कमी पडली. सिएटलमध्ये १९६१-६२ मध्ये नागरिकांची समिती बसली, कुणाला मशीन द्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवायला. परळच्या रांगेची वंशावळ तिथून सुरू होते.

"त्यांनी शोधावं" म्हणताय, पण आपल्याकडंही हात गप्प नव्हते. १९६५ मध्ये परळच्याच केईएम हॉस्पिटलात मृताची किडनी बसवण्याचा प्रयत्न झाला होता. पेशंट वाचला नाही. १९७१ मध्ये तमिळनाडूत वेलोरला जिवंत दात्याची किडनी बसवणं जमलं.

चणेफुटाणे

डॉक्टरसाहेब, इतिहास छान, पण तुम्ही दहा हजारांतला एक निवडून दाखवताय. बाकीचे काय करतात ते मी बघितलंय, एका कॉलेजात आस्थापना विभागात होतो (आता निवृत्त). साठ पेशंटचं रक्त घ्यायचं, क्रिएटिनिनऐवजी (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) अमुक रेणू मोजायचा, "आणखी अभ्यासाची गरज आहे" असं शेवटी लिहायचं आणि बढतीच्या फायलीला जोडायचं. पेशंटला त्या रक्ताचं पुढं काय झालं ते कधी कळत नाही.

दुसरं. प्रत्यारोपण मुंबईत कशामुळं अडलंय? रेणूमुळं नाही. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायचं सायक्लोस्पोरिन १९८३ पासून बाजारात आहे. अवयव मिळत नाहीत म्हणून अडलंय. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला, मेंदूमृत्यू (मेंदू कायमचा बंद, श्वास मशीनवर) कायद्यानं मानला गेला. २००० पासून मुंबईत अवयवासाठी थांबलेल्यांची यादी सांभाळायला झेडटीसीसी ही समन्वय संस्था आहे. तरी आयसीयूत कुणीतरी मेंदूमृत्यू जाहीर करायला हवा ना, आणि रात्री दोन वाजता नातेवाइकांजवळ बसून बोलायला हवं. तिथं माणसं कमी. संशोधक नव्हे, समुपदेशक द्या.

दादरचा मामा

चणेफुटाणे, हेच म्हणायचं होतं, मला जमलं नाही.

ओपीडी क्रमांक नऊ

बढतीच्या फायलींबद्दल मान्य, खालमानेनं मान्य. समुपदेशकांबद्दलही.

पण चांगलं संशोधन म्हणजे नवं मशीन, नवं औषध एवढंच धरून चाललाय तुम्ही. "हे करू नका" सांगणारं संशोधनही असतं. पूर्वी क्रिएटिनिन अमुक झालं की "चला, सुरू करा" असा कल होता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी ८२८ पेशंटवर तपासून बघितलं. काहींचं डायलिसिस लवकर सुरू केलं, काहींचं त्रास जाणवेपर्यंत थांबवलं. दोन्ही गटांत सरासरी सहाएक महिन्यांचं अंतर पडलं. २०१० मध्ये निकाल आला: मृत्यूंत लक्षणीय फरक नाही. आठवड्याला दोनदा धरलं तरी सहा महिन्यांची पन्नास डायलिसिस. बदलापूर-परळ पन्नास फेऱ्या वाचल्या म्हणा ना. तसंच २००६ मध्ये कळलं की महागडी इंजेक्शनं देऊन हिमोग्लोबिन फार वर चढवलं तर हृदयाला धोकाच वाढतो. ही इंजेक्शनं लोक दागिने विकून घेत होते हो. 

सावित्री, बदलापूर

बदलापूरचं नाव आलं म्हणून लिहिते. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे हे चार वर्षं डायलिसिसवर आहेत. त्याआधी सहा वर्षं साखर होती. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात साखर तपासायचे, गोळी वाढवायचे. लघवी एकदाही तपासली नाही. एकदा क्रिएटिनिन दोनच्या वर आलं, तर म्हणाले "थोडं वाढलंय, पाणी पीत जा." आता पाणी मोजून देते, दिवसाला पाऊण लिटर, आणि हे माझ्यावर चिडतात. योजनेत डायलिसिस बसतं, पण प्रवास, बुडलेला रोजगार कुठल्या योजनेत बसतो?

संशोधन करा की नका करू, मला कळत नाही. त्या सहा वर्षांत कुणीतरी एक पट्टी लघवीत बुडवली असती तर, एवढंच डोक्यात येतं.

खिडकीची जागा

सावित्रीताई, यावरच लिहायचं होतं म्हणून रुमाल टाकला होता.

डॉ. एम. के. मणी हे नाव मुंबईतल्या जुन्या लोकांना आठवेल. जसलोक हॉस्पिटलात होते. आणीबाणीत सुटका झाल्यावर जयप्रकाश नारायण डायलिसिससाठी जसलोकला आले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे हेच. पुढं चेन्नईला गेले. तिथं मोठ्या हॉस्पिटलात काम करता करता जवळच्या खेड्यांत एक गोष्ट केली. गावातल्याच मुलींना शिकवलं: घरोघर जा, रक्तदाब मोजा, लघवीत प्रथिनं (किडनी बिघडत असल्याची लवकर दिसणारी खूण) आणि साखर बघा. साखर कशानं, तर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बेनेडिक्टच्या द्रावणानं. सापडलेल्यांना जुन्या, स्वस्त गोळ्या. गावाच्या लोकसंख्येवर माणशी वर्षाचा खर्च काही रुपयांत. आणि सगळ्याची नोंद ठेवून ते आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापलं. मामा, हा विहिरीच्या काठावर बसलेला माणूस की कठडा बांधणारा?

चणेफुटाणे

मणींसारखे डॉक्टर शंभर द्या, मी पहिला हार घेऊन येतो. पण त्यांनी पेशंट बघणं सोडलं नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय. भाचेबुवा एकच दिवस ओपीडी म्हणतात. खेड्यात जाणार की एसीत बसणार, ते आधी विचारा.

मशीन नंबर सात

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, अकरा वर्षं. मामांचं एक गणित चुकतंय. भाचा आमच्याकडं आला म्हणून एकही रांग कमी होणार नाही. डॉक्टर राउंडला येतात, पाच मिनिटं, फाइल बघतात. फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात जोडून घेतलेल्या शिरेत) सुया आम्ही घालतो, बीपी पडलं तर पाय वर आम्ही करतो. मशीनं, टेक्निशियन आणि आरओचं पाणी वाढवा, रांग कमी होईल. त्यानं संशोधन केलं म्हणून कुणी बुडत नाही.

पण संशोधनवाल्यांवरही राग आहे. येतात, फॉर्म भरून घेतात, जातात. आम्हाला कुणी विचारत नाही की तुम्हाला काय दिसतं. सोमवारी पेशंट अंगात पाणी साठून फुगून येतात, कारण रविवारी पाहुणे, वडे, ताक. पावसाळ्यात लोकल बंद पडली की दुसऱ्या दिवशी तिप्पट गर्दी. हे कुठल्या पेपरात आहे?

दादरचा मामा

विहिरीचं उदाहरण मागं घेत नाही, हट्टी आहे मी. पण सात नंबरचं म्हणणं खरं असेल तर माझ्या रागाचा पत्ता चुकला, एवढं कबूल. भाचा रविवारी जेवायला येतोय. खेडं की एसी, हे विचारतोच.

सावित्री, बदलापूर

मामा, रागावू नका, माझंही एक विचाराल का? आमच्या ह्यांना डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा सांगितलंय. आम्ही दोनदाच आणतो, परवडत नाही. आमच्या युनिटात निम्मे तरी तसेच आहेत. दोनदात भागतंय असं कुणाकुणाचं असतं आणि कुणाचं अजिबात नसतं, हे कशावरून ओळखायचं? चार वर्षं विचारतेय. सगळे म्हणतात, तीनदा आणा.

मशीन नंबर सात

ताई, लघवी होते का अजून? किती? किडनी किती उरलीय ते त्यावरून कळतं. चोवीस तासांची जमवून मोजा आणि लिहून ठेवा. मामा, हे भाच्याला दाखवा.