रोज डायरी लिहिते पण स्वतःला ओळखण्याऐवजी झोडपतेच आहे, काय चुकतंय?

जुनी_वही:
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. वय 41, नाशिकला असते, नोकरी आणि घर दोन्ही. जूनमध्ये माझा मुलगा (सातवीत आहे) शाळेतलं काहीतरी सांगत होता, मी पोळ्या करत होते, आणि तो मधेच थांबून म्हणाला, "आई तू ऐकत नाहीस, मी बोलत असतो तेव्हा तू उत्तर तयार करत असतेस." चिडून नाही, सहज म्हणाला आणि आत निघून गेला. तव्यावरची पोळी करपली तरी मी तशीच उभी. मी स्वतःला शांत, समोरच्याचं ऐकून घेणारी समजत होते, ऑफिसमध्ये पण सगळे माझ्याकडेच येऊन बोलतात, मग हा म्हणतो ती कोण?

तेव्हापासून रात्री ओटा आवरून झाला की डायरी लिहायला बसते. पहिले आठ दिवस खूप मोकळं वाटलं. आता तीन महिने झाले, परवा मागची पानं चाळली तर सगळीकडे एकच, मी अशी का, मला साधं हे का जमत नाही, मी माझ्या आईसारखीच का होत चाललेय. नवीन काहीही कळलेलं नाही आणि झोप मात्र उडालीय. कुणी नीट आत्मपरीक्षण केलं असेल तर नेमकं काय केलंत ते सांगा, पुस्तकांची यादी नको प्लीज.

मधली_सुट्टी:
ताई, हे अगदी माझंच वाचतोय असं वाटलं. मी ठाण्यात एका समुपदेशकांकडे वर्षभर जात होतो, त्यांनी माझी वही बघून पहिल्यांदा सांगितलं की "का" लिहायचं बंद करा. "का" विचारलं की मन काहीतरी कारण पुढे करतं आणि ते खरं की खोटं हे रात्री अकरा वाजता एकट्याने तपासता येत नाही, मग आपण त्याच कारणाभोवती फिरत बसतो.

त्याऐवजी तीन गोष्टी लिहायच्या, काय घडलं, त्या क्षणी मनात कुठलं वाक्य आलं, आणि मग मला काय वाटलं आणि मी काय केलं. ही अल्बर्ट एलिस यांची पद्धत, 1955 च्या सुमाराची, मराठीत विवेकनिष्ठ विचारपद्धती म्हणतात. सगळी गंमत मधल्या वाक्यात आहे. आपल्याला वाटतं घटनेमुळे राग आला, पण बहुतेक वेळा राग त्या वाक्याने आलेला असतो.

आणि त्यांनी अजून एक करायला लावलं, ते मराठीतच जमतं. लिहून झालं की लाल पेनाने वाक्यातले "च" शोधायचे. "त्याने वेळेवर आलंच पाहिजे", "मला हे जमलंच पाहिजे", "सगळ्यांना माझं पटलंच पाहिजे". माझ्या एका पानावर 14 "च" निघाले. मी स्वतःला मनमोकळा माणूस म्हणवायचो, त्या दिवशी कळलं की मी आतून सगळ्यांवर नियम लावत बसलेलो असतो, स्वतःवर सगळ्यात जास्त.

सह्यवाटा:
माझं मत थोडं वेगळं आहे, लिहिणं थांबवून बघा. मी 2018 ला इगतपुरीला धम्मगिरीवर 10 दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, तिथे फोन, वही, पेन, पुस्तक सगळं जमा करून घेतात, पहाटे 4 ला घंटा होते आणि दहाव्या दिवसापर्यंत कोणाशी बोलायचं नाही. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा. सहाव्या दिवशी मला माझ्या भावाचा असा राग आला की छाती गरम झाली, तो तिथे नाही, काही बोललेला नाही, मग हा राग आला कुठून? डोळे मिटून तसाच बसून राहिलो तर दहा-पंधरा मिनिटांत आपोआप ओसरला. माझा राग ओसरतो हे मला 35 वर्षं माहीतच नव्हतं, कारण तो ओसरायच्या आत मी बोलून मोकळा व्हायचो.

पण झोप उडालेली असताना लगेच जाऊ नका. आधी काही मानसिक त्रास किंवा औषधं चालू असतील तर अर्जात खरं खरं लिहावं लागतं, ते लपवू नका.

नर्मदाकाठ:
माझं वय 63. दोघांचंही पटलं पण एक गोष्ट राहिली. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. ताई, तुम्हाला हे सगळं कशामुळे सुचलं, डायरीमुळे नाही, मुलाने सांगितलं म्हणून. जोहरी विंडो नावाचा एक तक्ता आहे, 1955 मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोघांनी केलेला (दोघांच्या नावांवरून जोहरी), त्यातला एक चौकोन असा की जे इतरांना दिसतं आणि आपल्याला नाही. तो चौकोन घरात बसून कितीही लिहा, उघडत नाही, विचारावं लागतं.

मी रिटायर झाल्यावर बायकोला विचारलं, मी चिडतो ते तुला कसं कळतं? ती म्हणाली, तुम्ही आधी चष्मा काढून टेबलावर ठेवता, मग आवाज चढतो. 34 वर्षांचा संसार, मला चष्म्याचा पत्ता नाही. आता हात चष्म्याकडे गेला की मी उठून गॅलरीत जातो. फक्त विचारताना "माझ्यात काय वाईट आहे" असं विचारू नका, माणूस एकतर गोड बोलतो नाहीतर जुनं उकरून काढतो. एकच छोटी गोष्ट विचारा, आणि उत्तर आलं की समजावून सांगत बसू नका.

पाऊसपाणी:
एवढंच सांगते, दोन-तीन आठवडे झोप नसेल तर डायरी बाजूला ठेवून आधी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. टेली मानस 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

जुनी_वही:
सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला 12 दिवस लागले. 14416 ला फोन केला, पुढच्या आठवड्यात इथल्याच एका समुपदेशकांची वेळ घेतलीय. डायरी आता संध्याकाळी, फक्त एक प्रसंग. लाल पेनाने बघितलं तर माझे बहुतेक "च" एकाच जातीचे निघाले, "मला याचं उत्तर आलंच पाहिजे". ऑफिसमध्ये लोक माझ्याकडे येतात ते उत्तरासाठी, ऐकण्यासाठी नाही, हे लिहिताना लख्ख दिसलं आणि बराच वेळ रडू आलं.

काकांचं ऐकून काल मुलाला विचारलं, मी उत्तर तयार करतेय हे तुला कुठे दिसतं? म्हणाला, "तू हं हं लवकर लवकर म्हणतेस." मी समजावून सांगायला तोंड उघडलं होतं, मिटलं. मग तो ओट्यावर चढून बसला आणि त्यांच्या वर्गातल्या भांडणाचं सांगत राहिला, वीस मिनिटं तरी.