सडा ओसाड नाही! ('ओसाड कातळ फुलवूया'ला उत्तर)

कातळवाट:
देवगड तालुक्याच्या गटावर काल आवाहन फिरलं: 'ओसाड कातळ फुलवूया.' सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची, दोन एकर जागा जेसीबीने सपाट करायची, वर माती टाकायची, कॉसमॉस, झिनिया, लँटाना लावून फुलपाखरू उद्यान करायचं आणि मेलिफेरा या युरोपीय मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्या. त्यासाठी वर्गणी. खाली नुसत्या शाबासक्या, म्हणून इथे लिहितोय.

सडा ओसाड कोणी ठरवला? पहिल्या सरी पडल्या की तिथे पांढरी दीपकाडी येते, ती कोकण-गोव्याच्या कातळापलीकडे सापडत नाही. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं, गेंद, कवला. मधमाशीच्या कुळातल्या, एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या जमिनीत बिळं करतात. त्यांना पेटी नको, न उकरलेली माती हवी. आणि सड्यात मुरलेलं पाणीच उतारावरच्या झऱ्यांना आणि वाडीच्या विहिरींना येतं. जेसीबी घातलात तर फुलं आणि पाणी दोन्ही घालवाल.

उभादांडा७:
ते आवाहन माझं आहे. सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, आहे. आम्ही घेतली नसती तर प्लॉट पाडून विकली गेली असती, शेजारच्या सड्यावर कंपाउंड पडलंच आहे. तेव्हा तुमची दीपकाडी कुठे होती? गावातली वीस पोरं पहिल्यांदा मोबाइल ठेवून कामाला आली आहेत. कॉसमॉसवर फुलपाखरं बसतात, मी स्वतः पाहिलंय.

रानजाई:
बसतात, मध प्यायला. अंडी कुठे घालणार? निलवंत २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते. रुईवर वाढणाऱ्या अळ्या कॉसमॉस खाणार नाहीत. आणि दादा, लँटाना म्हणजे आपली घाणेरी. डोंगरच्या डोंगर तिने गिळलेत, ती वर्गणी काढून लावायची?

आंबेकाका:
तुमची फुलपाखरां रवांदेत. माझ्या बागेत मोहोर भरून येता आणि फळ धरणा नाय, तेचा काय? थ्रिप्सची कीड आटपणा नाय, चार चार औषधां मिसळून मारूची लागतत. पेटयो ठेवा, पण बागेत ठेवा. सड्यार ठेवन कोणाक उपयोग?

कातळवाट:
काका, आंब्याच्या मोहोरावर सगळ्यात जास्त काम माश्याच करतात. मधमाश्या नव्हेत, साध्या माश्या. शिवाय हापूसला दुसऱ्या जातीचा पराग लागतो, म्हणून बागेत थोडी केशर, रत्ना ठेवा असं दापोलीचं कृषी विद्यापीठ सांगत आलंय. आपण रायवळ, म्हणजे गावठी आंबे, तोडून नुसता हापूस लावला आणि वर फुललेल्या मोहोरावर औषध मारतो. फळ धरणार कसं?

रानजाई:
आमच्या गोठ्याच्या भिंतीत सातेरीचं, म्हणजे आपल्या देशी मधमाशीचं, पोळं होतं, आजीच्या वेळेपासून. शेजारच्या बागेत भर दुपारी फुललेल्या मोहोरावर फवारलं आणि संध्याकाळी भिंतीखाली मेलेल्या माश्यांचा ढीग. बाग मुंबईकरांची, फवारणारा करारवाला. विचारायला गेले तर मालकाला पत्ताच नाही. बागा करारावर द्यायच्या आणि मुंबईत बसून निसर्गाच्या पोस्टना अंगठे दाखवायचे, हे आधी थांबवा.

डोंबिवलीकर_वाडा:
हे मला लागू होतं म्हणून बोलते. वडील गेले, भाऊ परदेशात. राखणदार, मजुरी, वानरं हे सगळं डोंबिवलीतून कोण बघणार? करारवाला रोख देतो. त्याने मोहोर आणायचं औषध, कल्टार, किती ओतलं ते मला झाड दमल्यावर कळतं. आम्हाला आमची झाडं प्रिय नाहीत असं बोलू नका, ताई.

रानजाई:
प्रिय असतील तर करारात दोन ओळी लिहून घ्या. मोहोर फुललेला असताना फवारणी टाळा, हे विद्यापीठही सांगतं.

आंबेकाका:
लिवन काय होता? तुडतुडे पडले की आख्खो मोहोर काळो पडता. विद्यापीठ नुकसान भरून देता काय? पुस्तक वाचून बाग होणा नाय.

कातळवाट:
फवारूच नका असं कोणी म्हटलं नाही, काका. फुलण्याआधी मारा, अगदीच वेळ आली तर संध्याकाळी मारा. सातेरीला एकदा फटका बसला की सावरायला वर्षं जातात. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड रोगाने दक्षिणेतल्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या होत्या. मेलिफेरा बाहेरची, फुलोरा नसेल तेव्हा तिला साखरपाणी द्यावं लागतं. पेट्या ठेवायच्याच तर सातेरीच्या ठेवा.

उभादांडा७:
माझं आवाहन होतं फुलपाखरांचं, तुम्ही बोलणं करारावर नेलंत. ठीक आहे, जेसीबी रद्द, लँटानाही रद्द. पण 'हात लावू नका' एवढ्यावर ना वर्गणी मिळते ना पोरं थांबतात. करायचं काय ते सांगा.

कातळवाट:
शिमग्याआधी सड्याभोवती जाळरेषा काढा, म्हणजे आग अडवायला गवत कापलेला पट्टा, दरवर्षी वणव्यात सगळं जळतं. लागवड सड्यावर नको, खालच्या उतारावर: अंजनी, किंजळ, जांभूळ, करंज. आंब्याचा मोहोर सरला की मधमाशीला पुढचे महिने काढायला हेच लागतं, जोडीला माड आहेतच. आणि पोरांकडून सड्यावरच्या झाडाझुडपांची यादी करवून घ्या. ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही असायला हवी, कायदा २००२ चा आहे. तिच्यात सडा आला तर पोटखराब म्हणून विकणाऱ्यासमोर ठेवायला कागद होईल.

उभादांडा७:
जाळरेषेला माणसं लागतात. रविवारी कोयती घेऊन या, मग बोलू.

डोंबिवलीकर_वाडा:
यंदाच्या करारात मी लिहून घेते. पैसे कमी आले तरी चालतील.

आंबेकाका:
एकट्यान लिवन चालाचा नाय. वाडीतल्या सगळ्यांनी लिवक व्हया, नायतर तो पलीकडची बाग घेतलो आणि थयसून फवारतलो.