मदत हवी आहे : बोलताना इंग्रजीच्या चुका किती काढायच्या?

मंडळी, भुसावळला संध्याकाळी स्पोकन इंग्लिशची बॅच घेतो. मुलं आसपासच्या खेड्यांतली, घरी अहिराणी नाहीतर लेवा बोली. परवा एक मुलगी रंगात येऊन सांगत होती, 'यस्टरडे आय गो टू मार्केट...' सोबतच्या सरांनी तिथल्या तिथे 'वेंट!' म्हणून टोकलं. झालं, तास संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही.

काळ चुकला तर सांगायलाच हवं, मुलाखतीत ते खटकतं. पण सर 'हू डिड यू मीट'लाही अडवतात, 'हूम'च हवं म्हणे! वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन ('फ्रॉम', 'टू', 'विथ' असले शब्द) तर अजिबात चालत नाही. मग 'व्हेअर आर यू फ्रॉम' कसं विचारायचं? इंग्रज कवी ड्रायडनने 1672 मध्ये शेवटी येणाऱ्या प्रीपोझिशनवर नाक मुरडलं होतं हे खरं. पण 1762 च्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात व्याकरणकार रॉबर्ट लाउथनेच रोजच्या बोलण्यात हे रूढ असल्याचं मान्य केलंय. सरांना हे सांगून पाहिलं, ऐकतील तर शपथ.

शिकवणाऱ्यांनो, तुम्ही जागीच टोकता की बोलणं संपल्यावर सांगता? आणि कुठल्या चुका सरळ सोडून देता?